पांढरा साका

१९९१ चा पावसाळा होता. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी नुकतीच रुजू झाले होते. टिश्यू कल्चरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, कोपरापर्यंत हात स्पिरिटने पुसायचे आणि आत गेल्यावर शक्यतो बोलायचं नाही, अशी शिस्त होती. पहिल्याच आठवड्यात सरांनी दोन नळ्या माझ्यासमोर ठेवल्या. एकीत डीएनए आणि कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत किंचित फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी. दुसऱ्या नळीत एका पिपेटने हवेचे बुडबुडे सोडत राहायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने पहिल्या नळीतलं द्रावण थेंब थेंब सोडायचं. मग नळी वीस मिनिटं हलवायचीसुद्धा नाही. वेळ झाली की ती खिडकीच्या उजेडाशी धरून बघायची. तांदळाच्या तिसऱ्या धुवणात जेवढा गढूळपणा उरतो, तेवढीच निळसर झाक दिसली पाहिजे. ती दिसली की साका जमला.

माझा साका फसला. उजेडाला धरायचीही गरज पडली नाही, नळीच्या तळाशी नासक्या दुधासारखे कण बसले होते. दुसऱ्या दिवशी द्रावण नव्याने केलं, तर उलटंच झालं. नळी नितळ राहिली, काही बसलंच नाही. सरांनी बाटली हातात घेऊन एवढंच विचारलं, "पीएच किती?" मी म्हटलं, "सात." "सात नाही. सात पूर्णांक शून्य पाच." मीटर जुळवायचं बफर मी शिळं वापरलं होतं. चूक दशांशाच्या दुसऱ्या घरातली होती, आणि तेवढ्यावर आठवडाभर वाढवलेल्या पेशी वाया गेल्या होत्या.

त्या निळसर झाकेचं नाव कॅल्शियम फॉस्फेट. आपली हाडं ज्याची, दात ज्याचे, तेच. पुढची पंचवीस वर्षं मी त्याच्याशी या ना त्या कारणाने झटत राहिले आणि तो कुठून कुठे पोचला याचा माग काढत राहिले. आता वाटतं, या पदार्थाचा सगळा इतिहास दोनच प्रश्नांभोवती फिरतो. साका कधी धरायचा, आणि तो किती बारीक असू द्यायचा.

आधी त्या दशांशाचा हिशोब. फॉस्फरिक आम्लाच्या रेणूला तीन हायड्रोजन असतात. आम्लपणा कमी होत जाईल तसे ते एकेक करून सुटतात. दोन हायड्रोजन अजून धरून असलेलं फॉस्फेट कॅल्शियमला भेटलं, तर होणारा क्षार पाण्यात सहज विरघळतो. एकच उरला असेल, तर जेमतेम विरघळतो. एकही उरला नाही, तर जवळजवळ दगडच. म्हणजे कॅल्शियम तेच आणि फॉस्फेटही तेच, फक्त हायड्रोजन किती उरले यावर तो क्षार पाण्यात राहणार की तळाला बसणार, हे ठरतं. आता अडचण अशी की दोन हायड्रोजनवालं आणि एक हायड्रोजनवालं फॉस्फेट ७.२ पीएचच्या आसपास निम्मं निम्मं असतं. पारडी समतोल असताना चिमूटभर वजनानेही काटा हलतो, तसं तिथे दशांशाने पारडं फिरतं. नेमक्या त्याच जागी आपलं रक्त आहे, आपल्या पेशी आहेत, आणि माझी ती नळी होती.

शिवाय साका एका दमात बनत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की आधी काहीच आकार नसलेला, स्फटिक न झालेला गाळ तयार होतो. मग तो हळूहळू विरघळून पुन्हा जुळतो आणि त्यातून हाडातला स्फटिक, म्हणजे हायड्रॉक्सिॲपटाइट, उभा राहतो. ही मधली पायरी ईन्स, गिलेसन आणि पॉस्नर यांनी १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. पॉस्नर यांनी पुढे सुचवलं की त्या आकारहीन गाळातही नऊ कॅल्शियम आणि सहा फॉस्फेट यांचे छोटे गोळे असतात. एक गोळा नॅनोमीटरहून किंचित लहान. ॲपटाइट हे नाव अब्राहम वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १७८६ मध्ये दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फसवणारा. खाणीत सापडणारा हा दगड रंग आणि रूप बदलून इतर खनिजांसारखा दिसायचा, म्हणून. माझ्या त्या दोन नळ्या आठवल्या की हे नाव मला अगदी पटतं.

हाडात काय आहे हे माणसाला कळायच्या आधी त्यातला एक घटक भलत्याच ठिकाणी हाती लागला होता. १६६९ मध्ये हॅम्बुर्गचा हेनिग ब्रँड परीस शोधत मूत्र आटवत बसला होता. सोनं मिळालं नाही, अंधारात स्वतःच चमकणारा मेणासारखा पदार्थ मिळाला. युरोपने त्याला फॉस्फरस म्हटलं, उजेड वाहणारा. मराठी कृषिशास्त्राने त्यासाठी स्फुरद हा शब्द घेतला, आणि तो मला मुळापेक्षाही आवडतो. नत्र, स्फुरद, पालाश. खताच्या पोत्याकडे बघून शेतकरी हे तीन शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्यातल्या एकात हॅम्बुर्गच्या त्या अंधाऱ्या खोलीतलं स्फुरण आहे, हे बहुधा कुणाच्या ध्यानात येत नसेल.

मूत्रातून फार थोडं मिळायचं. १७६९ च्या सुमारास स्वीडनमध्ये योहान गान आणि कार्ल शेले यांनी हाडं जाळून उरलेल्या राखेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असल्याचं दाखवलं, आणि १७७१ मध्ये शेले यांनी त्या राखेतून स्फुरद काढायची कृती प्रसिद्ध केली. मूत्राचे पिंपच्या पिंप आटवायची गरज संपली.

आपल्याकडे दहनानंतर तिसऱ्या दिवशी सावडायला जातात. वडील गेले तेव्हा मी पहिल्यांदा गेले. राख पाण्याने शांत केल्यावर मडक्यात जे पांढरे तुकडे गोळा केले, ते हातात हलके आणि खडबडीत लागत होते, जुन्या खडूसारखे. मांस, कातडी, केस, हाडातलं लवचीक कोलॅजन, जे जे कार्बनचं, ते सगळं वायू होऊन गेलं होतं. उरला होता साका. माणसाने आयुष्यभर थोडा थोडा जमवलेला. त्याच पांढऱ्या तुकड्यांपुढे, ते प्राण्यांचे का असेनात, गान आणि शेले बसले होते, हे मला तिथे उभी असताना आठवलं. प्रयोगशाळेतल्या माणसाला अशा वेळीही असं काही आठवतं. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही.

हाडाच्या राखेतून स्फुरद निघू लागलं आणि एकोणिसाव्या शतकात काड्यापेट्यांचे कारखाने उभे राहिले. पांढऱ्या स्फुरदाच्या वाफेत दिवसभर काम करणाऱ्या मुलींच्या जबड्याचं हाड सडू लागलं. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या डॉक्टरने १८४५ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. दात पडायचे, गालाला भोक पडून पू वाहायचा, शेवटी जबडा काढून टाकावा लागायचा. लंडनच्या काडेपेटी कामगार मुलींनी १८८८ मध्ये संप केला. पांढऱ्या स्फुरदावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९०६ मध्ये बर्नला झाला. मेलेल्या जनावरांच्या हाडांतून काढलेल्या वस्तूने जिवंत मुलींची हाडं खाल्ली, आणि ते थांबवायला साठ वर्षं लागली. हे वाचताना अजूनही हात थबकतो.

त्याच शतकात हाडांचे इतर वाटेकरीही झाले. इंग्लंडमध्ये चिनी मातीत निम्म्यापर्यंत हाडांची राख मिसळून पातळ, आरपार उजेड दिसणाऱ्या कपबश्या बनत होत्या. हार्वर्डचे एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ मध्ये हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेटला आम्लात मुरवून बेकिंग पावडर बनवायचं पेटंट घेतलं. हाडांचा कोळसा साखर कारखान्यांत उसाचा रस पांढरा करायला वापरला जाई. या सगळ्यांपुढे न रेंगाळता मी थेट शेताकडे जाते. या पदार्थाचा खरा मोठा व्यवहार तिथे झाला.

हाडांचा चुरा शेतात टाकला की पीक तरारतं, हे लोकांना माहीत होतं. पण काही जमिनींत चुरा तसाच पडून राहायचा. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी सुचवलं की हाडं आधी सल्फ्युरिक आम्लात मुरवा. १८४२ मध्ये जॉन बेनेट लॉज यांनी त्याचं पेटंट घेतलं, लंडनजवळ डेप्टफर्डला कारखाना टाकला, आणि रॉथॅमस्टेडच्या आपल्या जमिनीवर १८४३ पासून प्रयोग मांडले. ते प्रयोग आजही चालू आहेत. त्यांनी केलं काय, तर साक्याचा पाठीमागे प्रवास घडवला. आम्लातले हायड्रोजन फॉस्फेटला चिकटवले, दगडातून पुन्हा विरघळणारा क्षार केला. सुपर फॉस्फेट म्हणजे दुसरं काही नाही. इंग्लंडची भूक एवढी वाढली की लीबिगने उद्विग्न होऊन लिहिलं, हे लोक लाइपझिग, वॉटर्लू आणि क्रिमियाच्या रणभूमीवरची सैनिकांची हाडंसुद्धा उपसून नेतात. पुढे हाडं पुरेनात, तेव्हा दगडी फॉस्फेट खणलं गेलं. आज उदयपूरजवळची झामरकोटडा ही भारतातली त्या दगडाची मोठी खाण आहे. ट्रॉम्बेच्या खत कारखान्यात लागणारा दगड मात्र बहुतेक जहाजानेच येतो.

माझे मामा नगर जिल्ह्यात, काळ्या चुनखडीच्या रानात शेती करायचे. सिंगल सुपर फॉस्फेटचं पोतं बैलगाडीतून उतरवताना त्याचा तो आंबट, घशाला लागणारा वास मला आठवतो. पन्नास किलोचं पोतं, त्यात स्फुरद सोळा टक्के आणि बाकीचा बराचसा जिप्सम. मामा ते खत कधी रानावर विस्कटून टाकायचे नाहीत. दोन चाड्यांच्या पाभरीने, एका चाड्यात बी आणि दुसऱ्यात खत, असं बियाच्या जवळच पेरायचे. उरलेलं शेणखतात मिसळून मुरवून ठेवायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, वर फेकलं की रान गिळून टाकतं. पिकाला काय मिळतं?"

रान गिळतं हे अगदी खरं. काळ्या मातीचा पीएच आठच्या आसपास जातो आणि तिच्यात चुन्याचा भरपूर साठा असतो. लॉजने आम्ल घालून जोडलेले हायड्रोजन ती माती काही दिवसांत काढून घेते. विरघळणारा क्षार आधी जेमतेम विरघळणारा होतो, मग आणखी घट्ट, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ॲपटाइटच्या वाटेला लागतो. पॉस्नरने नळीत पाहिलेल्या पायऱ्या मामांच्या रानात उतरत होत्या, फक्त वीस मिनिटांऐवजी हंगामांच्या हिशोबाने. शेणखतातली सेंद्रिय आम्लं कॅल्शियमला धरून ठेवतात, म्हणून साका धरायला उशीर होतो. खत मुळाशी ओळीत पडलं की मातीशी त्याचा स्पर्श कमी येतो, तोवर मुळं पोचतात. आता बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जीवाणू चोळतात. ते जीवाणूसुद्धा आम्लच सोडतात. कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल जे काम करतं, तेच हे डोळ्यांना न दिसणारे जीव मुळांच्या केसांपाशी चिमूटभर करत असतात. मामांना पीएच माहीत नव्हता, पण साका कधी धरतो आणि त्याला कसं थोपवायचं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

इथे शरीराचं आश्चर्य वाटू लागतं. आपल्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की रसायनशास्त्राच्या नियमाने पाहिलं तर ॲपटाइटचा साका रक्तवाहिन्यांत बसायला हवा. लाळेचंही तसंच. मग हाडं कशी बनतात, यापेक्षा अवघड प्रश्न हा की बाकी सगळं शरीर हाड का होत नाही? दूध हे याचं रोज चुलीवर दिसणारं उदाहरण. दुधात जेवढं कॅल्शियम असतं तेवढं साध्या पाण्यात ठेवू म्हटलं तर फॉस्फेटबरोबर तळाला बसेल. दुधात केसीन हे प्रथिन त्या फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म कणांना चारी बाजूंनी लपेटून तरंगत ठेवतं. दुधाचा पांढरेपणा मुख्यतः त्या तरंगत्या कणांचाच. विरजण लावलं की आम्लपणा वाढतो, आतला साका विरघळून पाण्यात उतरतो आणि केसीन एकमेकांना धरून दही होतं. आईचं दही लागलं का हे पाहताना तिच्या बोटाच्या टोकाखाली हेच चाललेलं असायचं.

रक्तातला पहारेकरी कोण, याचा शोध एका वेगळ्याच वाटेने लागला. पाण्याच्या नळात आणि कपड्यांच्या साबणात चुन्याचा थर बसू नये म्हणून पॉलिफॉस्फेट टाकायची पद्धत जुनी होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हर्बर्ट फ्लाइश आणि विल्यम न्यूमन यांना दिसलं की शरीरातही असंच काही साका थोपवतं. फ्लाइश यांनी मूत्रातून ते वेगळं काढलं. ते पायरोफॉस्फेट, दोन फॉस्फेट ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेले. ते ॲपटाइटच्या स्फटिकाला चिकटतं आणि त्याची वाढ रोखतं. औषध म्हणून पोटातून दिलं तर मात्र शरीर तो दुवा तोडून टाकतं. मग फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुव्यातल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवलेली संयुगं वापरून पाहिली. अशी संयुगं साबण बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या प्रयोगशाळेत होतीच. १९६९ मध्ये त्यावरचे निबंध प्रसिद्ध झाले. साका धरू नये म्हणून शोधलेल्या या औषधांचा मोठा गुण मात्र दुसराच निघाला. ती हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना थोपवतात. आज हाडं ठिसूळ झालेल्या लाखो स्त्रिया ही बिसफॉस्फोनेट औषधं घेतात. अलेंड्रोनेटला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

२००३ मध्ये अमेरिकेतले रॉबर्ट मार्क्स यांनी कळवलं की मोठ्या मात्रेत ही औषधं घेणाऱ्या काही कर्करुग्णांच्या जबड्याचं हाड उघडं पडून मरू लागलं आहे. दिसायला तीच, काडेपेटीच्या कारखान्यातली जुनी व्याधी. फॉस्फरसच्या दोन रूपांचा एवढा लांबचा माग एकाच जबड्यापाशी येऊन मिळतो. म्हणूनच ही औषधं सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे पाठवतात. माझ्या बहिणीला तसं पाठवलं, तेव्हा तिला कारण कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

आता पुन्हा माझ्या नळीकडे. तिच्यात डीएनए कशाला होता?

डीएनएचा कणाच फॉस्फेटचा असतो. साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट, अशी ती माळ. म्हणजे कॅल्शियमच्या दृष्टीने डीएनए हा फॉस्फेटचाच एक लांबलचक नातेवाईक. कॅल्शियम फॉस्फेटच्या पृष्ठभागाला जैविक रेणू चिकटतात, हे आधीपासून वापरात होतं. १९३८ मध्ये केम्ब्रिजच्या केलिन आणि हार्ट्री यांनी त्याचा जेल करून एन्झाइमं वेगळी काढायची कृती दिली होती. १९५६ मध्ये उप्साला विद्यापीठात आर्ने टिसेलियस यांनी यर्टेन आणि लेविन यांच्यासह त्याचे खांब भरून प्रथिनं निवडायची पद्धत मांडली. आधी मऊ स्फटिक धरायचे, मग कॉस्टिक सोड्यात उकळून त्यांना ॲपटाइट करायचं. गान आणि शेले यांच्यानंतर सुमारे एकशे पंच्याऐंशी वर्षांनी, पुन्हा स्वीडनमध्येच. साठच्या दशकात जॉर्जिओ बर्नार्डी यांनी दाखवलं की या खांबावर दुपदरी डीएनए एकपदरीपेक्षा घट्ट चिकटतो. त्याच युक्तीने ब्रिटन आणि कोन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की प्राण्यांच्या डीएनएमध्ये काही मजकूर पुन्हापुन्हा, हजारो वेळा लिहिलेला असतो. हा शोध हाडातल्या क्षाराच्या खांबावरून गाळून निघाला, याचं मला फार अप्रूप आहे.

इथवर साका फक्त धरून ठेवत होता. तो पेशीच्या आत नेतो, हे फ्रँक ग्रॅहॅम आणि ॲलेक्स व्हॅन डर एब यांनी नेदरलँड्समधल्या लायडनला दाखवलं. १९७३ चा त्यांचा निबंध 'व्हायरॉलॉजी' या नियतकालिकात आहे. ॲडिनोव्हायरस या सर्दीपडशाच्या विषाणूचा नुसता डीएनए माणसाच्या पेशींत घालायचा होता, पण पेशीचं आवरण ऋणभारित, डीएनएही ऋणभारित, दोघं एकमेकांना दूर लोटतात. त्यांनी डीएनए फॉस्फेटच्या खारट पाण्यात घातला आणि कॅल्शियम क्लोराइड टाकलं. बारीक साका धरला आणि धरताना डीएनएला सोबत घेतला. तो पेशींवर बसला, पेशींनी तो अन्नाच्या कणासारखा आत ओढून घेतला. बाजारात मिळणारी तीन रसायनं, पैशांच्या हिशोबात जवळजवळ फुकट. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती पद्धत उचलली.

इथेच ते दोन प्रश्न सर्वांत तीव्र झाले. कण जाड झाला तर पेशीला गिळता येत नाही, आणि तो तिच्यावर वाळूसारखा बसून तिला मारतो. कण धरलाच नाही तर डीएनए पाण्यातच राहतो. १९८७ मध्ये चेन आणि ओकायामा यांनी पीएच ६.९५ वर नेऊन आणि इनक्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड कमी करून साका रात्रभर सावकाश, पेशींवरच धरू दिला. १९९६ मध्ये जॉर्डन आणि वुर्म यांनी नीट मोजून दाखवलं की द्रावणं मिसळल्यावर सुमारे एका मिनिटात कण सर्वांत उपयोगी आकाराचे असतात, त्यानंतर ते फक्त जाड होत जातात. आम्ही वर्षानुवर्षं श्वास रोखून वीस मिनिटं थांबत होतो. तो निबंध वाचला त्या दिवशी मी लगेच घड्याळ लावून केलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशींवर कण दिसलेच नाहीत, इतके बारीक, आणि डीएनए घेतलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या चाचणीत प्लेटचा निम्म्याहून जास्त भाग रंगला होता. सरांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ नुसते आयपीसला डोळा लावून उभे होते.

या साध्या साक्याच्या पाठीवर बसून काय काय पेशींत गेलं, ते सांगू लागले तर जागा पुरायची नाही. दोनच उदाहरणं देते. १९७९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विग्लर, ॲक्सेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हव्या त्या जनुकाबरोबर एक खुणेचं जनुक साक्यात मिसळलं, की ज्या पेशीने एक घेतलं तिने बहुधा दुसरंही घेतलेलं असतं. माणसाची औषधी प्रथिनं सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवण्याचा उद्योग यावर उभा राहिला. आणि त्याच साली रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने रसायनाने कर्करोगी केलेल्या पेशींचा डीएनए निरोगी पेशींवर साका धरून टाकला, आणि त्या पेशी कर्करोगी झाल्या. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात त्याचं मूळ एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलात सापडलं. कर्करोग डीएनएत असतो, हे आज आपण सहज म्हणतो. ते पहिल्यांदा हातात आलं ते या गढूळ नळीतून.

ग्रॅहॅम यांच्या लायडनमधल्या वहीत मात्र आणखी एक प्रयोग होता. एका भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर त्यांनी ॲडिनोव्हायरसच्या डीएनएचे तुकडे साक्यातून टाकले. पुन्हापुन्हा टाकले, कितीदा तरी काही झालं नाही. अखेर एका प्लेटमध्ये पेशींचा एक समूह मरायचं नाव न घेता वाढत राहिला. वहीत त्या प्रयोगाचा क्रमांक होता २९३. म्हणून त्या पेशींचं नाव, मानवी भ्रूण मूत्रपिंडाच्या इंग्रजी आद्याक्षरांसह, एचईके २९३ पडलं. त्यांच्या एकोणिसाव्या गुणसूत्रात विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा कायमचा बसला होता. त्या तुकड्यात विषाणूला वाढायला लागणारी जनुकं आहेत. त्यामुळे ती जनुकं काढून लुळा केलेला ॲडिनोव्हायरस, जो आपल्या शरीरात वाढूच शकत नाही, तो या पेशींत मात्र वाढतो. त्याला जे कमी पडतं ते पेशी पुरवते.

२०२१ च्या मार्चमध्ये मी पुण्यातल्या एका लसीकरण केंद्रावर रांगेत बसले होते. कोविशील्ड. सीरम इन्स्टिट्यूट माझ्या घरापासून फार लांब नाही. लसीचं माहितीपत्रक मी आधीच वाचून आले होते. चिम्पान्झीचा लुळा केलेला ॲडिनोव्हायरस, आणि तो वाढवला कशात, तर जनुकीय बदल केलेल्या एचईके २९३ पेशींत. लशीत कॅल्शियम फॉस्फेटचा कण नाही. तो कण कधीच, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, एका प्लेटमध्ये आपलं काम करून विरघळून गेला होता.

माझी पाळी आली. भिंतीवर तेच माहितीपत्रक चिकटवलेलं होतं आणि मी ते पुन्हा वाचत उभी राहिले. नर्सबाईंनी सिरिंज भरता भरता विचारलं, "काय शोधताय, काकू? काही शंका आहे का?"

"नाही गं," मी म्हटलं. "ओळखीचा आकडा दिसला." आणि खुर्चीत बसून डाव्या हाताची बाही वर सरकवली.